गोव्यात बसून थंडीची तयारी

केदारकंठाला जायचं नक्की झालं तेव्हा आमच्या फोंड्याच्या घरात गरम म्हणावं असं एकच वस्त्र होतं, सासूबाईंची शाल. तीही कुठल्याशा सत्कारात नारळासोबत मिळालेली. गोव्यात पारा विसाच्या खाली उतरला की ती बातमी होते. आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी नणंद (आमच्या ताई) आणि तिचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारा मुलगा, निघालो होतो साडेबारा हजार फुटांवरच्या बर्फात.

केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. पायथ्याचं गाव सांकरी. शिखर १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटरच्या आसपास. हिवाळ्यात नवख्यांना जमेल असा बर्फातला ट्रेक म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात तिथे वाटेवर रांग लागते. सुट्टीच्या दृष्टीने आम्हाला तोच आठवडा सोयीचा होता. पण पर्यटकांची गर्दी आम्हाला घरबसल्या मिळते, त्यासाठी डेहराडूनच्या पुढे दहा तास गाडीत बसायची गरज नव्हती. एप्रिलपर्यंत वर बर्फ असतो असं कळल्यावर फेब्रुवारीचा शेवट धरला. त्याच्या पुढे सरकता येत नव्हतं, कारण भाचा शिगम्याला रोमटामेळात, म्हणजे होळीनंतरच्या मिरवणुकीत, ढोल वाजवतो. "मामी, होळीच्या आधी घरी. बाकी काहीही चालेल," ही त्याची एकच अट.

ही अट प्रवासाच्या दृष्टीनेही बरीच निघाली. होळीच्या तोंडावर गोव्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. बांधकामांवरची, हॉटेलांतली सगळी माणसं गावी निघालेली असतात. आम्ही त्या लाटेच्या आधीच जाऊन येणार होतो.

गाडी की विमान, यावर घरात बरीच खडाजंगी झाली. गोवा एक्सप्रेस रोज आहे. दुपारी वास्कोहून सुटते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला पोचते. राजधानी बराच वेळ वाचवते, पण ती रोज नसते. विमान अर्थातच अडीच-तीन तासांत दिल्लीला टाकतं आणि आता गोव्यात विमानतळ दोन. मला फोंड्याहून दाबोळी जवळ, ताईंना म्हापशाहून मोपा जवळ, त्यामुळे विमान ठरलं तरी कुठलं यावर पुन्हा वाद होताच. शेवटी जाताना गाडी, येताना विमान असं ठरलं. जाताना हातात वेळ होता, सामान जास्त होतं. परतताना रजा संपत आलेली असणार आणि पायही.

तिकिटांबाबत दोन गोष्टी सांगते. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. म्हणजे चार महिने आधी उगाच कॅलेंडर उघडून बसण्यात अर्थ नाही, पण साठाव्या दिवशी सकाळी आठला मात्र फोन हातात हवा. आमच्याकडे ते काम भाच्याने केलं. दुसरी गोष्ट विमानाची. गोव्याच्या माणसाला एक फायदा आहे जो फारसा कुणी लक्षात घेत नाही. पर्यटक गुरुवार-शुक्रवारी गोव्यात येतो आणि रविवार-सोमवारी परत जातो. आपण त्याच्या उलट दिशेने जाणारे. त्यामुळे रविवारी दिल्लीहून गोव्याला यायचं तिकीट आम्ही पाहिलं तेव्हा त्याच दिवशीच्या गोवा-दिल्लीपेक्षा बरंच स्वस्त होतं. परतीचा दिवस आम्ही त्यावरूनच ठरवला.

दिल्ली ते डेहराडून हा तुकडा सोपा आहे. रात्री सुटणारी नंदादेवी एक्सप्रेस पहाटे डेहराडूनला सोडते आणि सांकरीच्या गाड्या सकाळी लवकर डेहराडून स्टेशनवरूनच निघतात. निजामुद्दीनला सकाळी उतरायचं आणि रात्रीची गाडी धरायची, म्हणजे मधे अख्खा दिवस हातात. गोवा एक्सप्रेस चार-पाच तास उशिरा आली तरी पुढचं काही कोसळत नव्हतं. सकाळची शताब्दी गाठायची भाच्याची कल्पना ताईंनी तिथेच मोडून काढली. "तू आणि तुझी शताब्दी. मडगावची कदंबा बस तरी कधी वेळेवर धरलीस का?"

आता सामान. ट्रेक नेणाऱ्या संस्थेने यादी पाठवली. ती वाचून ताईंचा मला फोन आला. "वहिनी, एवढं सगळं घ्यायचं तर मी त्या पैशात युरोप बघून येईन." यादी चुकीची नव्हती. पण ती पुण्या-दिल्लीच्या माणसासाठी केलेली होती, ज्याच्या कपाटात स्वेटर, कानटोपी, हातमोजे आधीच पडून असतात आणि ट्रेकनंतरही ते वापरले जातात. आमच्याकडे त्यातलं काही नव्हतं आणि परत आल्यावर लागणारही नव्हतं.

वस्तू परत आल्यावर तिचं काय होतं, हाच गोव्यात खरा प्रश्न आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे कपाटातला चामड्याचा पट्टा हिरवा होतो, चपलांना बुरशी येते, कॅमेऱ्याच्या भिंगात जाळं धरतं. डाउन जॅकेट म्हणजे पिसांचं जॅकेट. पिसं फुललेली असतील तरच ऊब. दमट हवेत दाबून ठेवलं की त्यांचे गोळे होतात, वास येतो आणि दोन पावसाळ्यांनी त्या जॅकेटचं नुसतं कापड उरतं. तेव्हा मी यादी पुढ्यात घेतली आणि प्रत्येक वस्तूसमोर किंमत न लिहिता "पावसाळ्यात कुठे राहणार?" एवढंच लिहीत गेले. त्यातून आपोआप तीन ढीग पडले. पायाला आणि अंगाला चिकटून असणारं विकत घ्यायचं. फुगीर आणि जड ते डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने घ्यायचं. आणि पाण्याशी संबंधित जे जे आहे ते घरातच सापडेल.

तिसऱ्या ढिगाने आम्हाला चकित केलं. पावसात मुरलेल्या माणसाच्या घरी किती ट्रेकचं सामान असतं! सॅकवर घालायची आवरणं होती. मोबाईल आणि कागदपत्रांसाठी वरून गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशव्या होत्या. जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या तर गठ्ठ्याने होत्या, आणि खरं सांगायचं तर सॅकच्या आत घातलेली ती एक पिशवी बाहेरच्या आवरणापेक्षा जास्त कामाची, कारण आवरण पाठीच्या बाजूने उघडंच असतं. सनस्क्रीन आणि गॉगल समुद्रामुळे होतेच. फक्त गॉगलवर यूव्ही ४०० लिहिलेलं आहे ना, आणि बाजूने उजेड आत येत नाही ना, एवढं बघितलं. बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजून काढतं, तिथे फॅशनचा काळा चष्मा उलट वाईट. त्यामागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्त आत जातात. हेडटॉर्च भाच्याकडे होता, रात्री खाडीवर कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला जातो तो. माशाचा वास घालवायला टॉर्च दोनदा धुवावा लागला.

स्कूटरवर घालायचा रेनकोट मात्र बाद केला. तो पाणी आत येऊ देत नाही तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. चढावर दहा मिनिटांत आतून ओले होतो आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. त्याची विजार घेतली, कोट घरी.

विकत घ्यायच्या ढिगात पहिले बूट, आणि त्यात मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. ते भाड्याने का नाही, याचं उत्तर आमच्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर मिळालं. त्यांचे जुने ट्रेकिंगचे बूट होते, वरून नव्यासारखे. "घालून बघ, तुझाच नंबर," म्हणाले. मी हातात घेऊन तळवा वाकवला तर तो भिजलेल्या बिस्किटासारखा तुटून खाली पडला. बऱ्याच बुटांच्या तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं आतून कुजत जातो. गंमत म्हणजे न वापरता ठेवलेले बूट यात आधी जातात. तेव्हा गोव्यात कुणाकडून जुने बूट मागून घ्यायचे असतील तर तळवा दोन्ही हातांनी वाकवून, अंगठ्याने दाबून बघा. बाजूला बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर आभार मानून परत करा. भाड्याच्या बुटांत दुसरी अडचण. आतला गादीचा तुकडा आधीच्या माणसाच्या पायाप्रमाणे बसलेला असतो.

बूट घ्यायला संध्याकाळी गेलो. दिवसभराने पाय थोडा सुजतो आणि ट्रेकमध्ये तो तसाच असतो. सोबत जाड लोकरीचे मोजे नेले, कारण दुकानातल्या पातळ मोज्यावर घेतलेला नंबर डोंगरावर आवळतो. दुकानात लाकडी उतार ठेवलेला होता. चढताना टाच उचलली जाते का ते बघायचं आणि उतरताना बोटं पुढे आपटतात का ते. माझी आपटली, तेव्हा एक नंबर वर गेले. मग टाच हलू लागली. दुकानातल्या मुलाने खाली बसून लेस सोडली आणि घोट्याच्या वळणावर दोन हुकांमध्ये दोनदा पीळ घालून गाठ आवळली, मग वरचे हुक. पुढचा भाग सैल, टाच जागच्या जागी. हा पीळ मी घरी आरशासमोर शिकत बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "बुटाला एवढी वेणी घालतेस, स्वतःचे केस कधी विंचरशील?"

नवे बूट थेट बर्फात न्यायचे नाहीत. बोरीचा सिद्धनाथाचा डोंगर आमच्यासाठी जवळ, तिथे रविवारी पहाटे जायला लागलो. पारोड्याच्या चंद्रेश्वराच्या पायऱ्याही झाल्या. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. उंचीची सवय गोव्यात बसून होत नाही, आमचं सगळ्यांत उंच शिखर सत्तरीतलं सोसोगड, तेही जेमतेम हजार मीटरच्या वर. पण बूट आणि गुडघे मात्र इथेच तयार होतात. फेब्रुवारीच्या उकाड्यात जलरोधक बूट आणि लोकरीचे मोजे घालून देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या दोन बायका बघून लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत.

अंगाला लागून घालायचे थर्मल आणि मोजे बेळगावला घेतले. चोर्ला घाटातून सकाळी गेलो, संध्याकाळी परत. गोव्यात मिळत नाहीत असं नाही, पण बेळगावला खरंच थंडी पडते, त्यामुळे दुकानदाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं. सुती बनियन एकही घेतला नाही. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो, आपल्या उन्हाळ्यात तो गुण, बर्फात तोच दोष. दोन थर्मल, एक चालायचा, एक फक्त तंबूत झोपायचा. झोपायचा तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही.

सॅक ताईंनी विकत घेतली, मी मैत्रिणीची मागून आणली. सॅक घेताना लोक लिटर विचारतात. त्याहून महत्त्वाची पाठीची लांबी, मानेच्या खालच्या वर आलेल्या मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंतची. माझ्याहून ताई उंच, पण पाठ आमची सारखी, फरक सगळा पायांत. कंबरेचा पट्टा हाडावर बसला की वजन खांद्यावरून उतरतं, पोटावर बसला तर काही उपयोग नाही.

डॉक्टरांकडे जाऊन प्रमाणपत्र आणलं, रक्तदाब, साखर, नेहमीचं. उंचीवरच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल त्यांनाच विचारलं. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असलेल्याने ते मनाने घेऊ नये, आणि ताईंना ती आहे.

औषधांवरून आठवलं, या सगळ्या काळात वाड्यावरच्या प्रत्येक पुरुषाने आम्हाला एकच सल्ला दिला, फेणी न्या. कुणी छातीला चोळायला सांगितली, कुणी नुसती. काजूची की माडाची यावर त्यांच्यात दोन तट पडले. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते आणि नेमकी तेव्हाच शरीराची उष्णता बाहेर जात असते. उंचीवर तर ती आणखी त्रास देते. हे सांगून काही उपयोग झाला नाही. आम्ही फेणीऐवजी आमसुलं आणि आल्याच्या वड्या नेल्या.

निघताना स्वयंपाकघरात सगळं जमिनीवर पसरलं आणि घरच्या काट्यावर तोललं. येताना विमान होतं, म्हणून बांधतानाच तो विचार केला. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, ती हातातल्या पिशवीत. चालायच्या काठ्या उलट, त्या चेक-इनमध्ये. स्टोव्हचं गॅसचं डबडं विमानात कुठेच चालत नाही आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत, भाच्याने ते बाजूला काढून ठेवलं. तो म्हणत होता वर मॅगी करू. वर मॅगी विकायला माणसं बसलेली असतात, हे त्याला मी तेव्हाच सांगितलं होतं.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. डेहराडूनहून मसुरी, नैनबाग, पुरोला, मोरी करत सांकरीला पोचायला दिवस जातो. पुरोल्याला चालकाने गाडी थांबवून रोख पैसे काढून घ्यायला लावले, आणि पुढे भाड्याच्या दुकानात रोखच लागले. नैटवाडला वन खात्याच्या नाक्यावर ओळखपत्रांच्या प्रती दाखवल्या, कारण इथून पुढचा भाग गोविंद राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात येतो.

सांकरीचं भाड्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर जॅकेटं. आमचा दुसरा ढीग इथे उभा करायचा होता. दुकानदार सवयीने वरचं जॅकेट काढून देतो. मी थांबवलं आणि एकेक बघितलं. चेन वरपासून खालपर्यंत हातमोजा घालून ओढून बघायची, कारण वर तशीच ओढायची असते. बाहीची कड मनगटावर घट्ट हवी. जॅकेट हातात दाबून सोडलं की लगेच फुगायला हवं, दबलेलं राहिलं तर दुसरं मागायचं. नाक लावून वासही घ्यायचा, ओलं ठेवलेलं जॅकेट लगेच कळतं, निदान गोव्याच्या नाकाला तरी. बर्फावर बुटाखाली घालायच्या साखळ्यांचं रबर ताणून पाहिलं, भेगा नाहीत ना. त्या आमच्याच बुटांवर, तिथेच, चढवून काढून दाखवायला सांगितलं. गेटर म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण. त्याची खालची पट्टी, जी बुटाच्या खालून जाते, ती सगळ्यांत आधी तुटते, म्हणून तीही पाहिली. या सगळ्याचं चार दिवसांचं भाडं तीन माणसांचं मिळून एका बऱ्या नव्या जॅकेटच्या निम्म्याहून कमी झालं. अनामत म्हणून तो मूळ आधार कार्ड मागत होता. ते दिलं नाही. प्रत आणि रोख रक्कम ठेवली, आणि कुठल्या जॅकेटवर आधीच शिवण उसवलेली होती त्याचा फोटो त्याच्यासमोरच काढला. तो हसला, "मॅडम, बँक में हो क्या?" हिशेब खात्यात आहे, म्हटलं.

झोपायच्या पिशव्या संस्थेने दिल्या. अशा पिशवीवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं "कम्फर्ट" तेवढं आपलं. "एक्स्ट्रीम" म्हणजे त्या तापमानाला माणूस जेमतेम तग धरेल असा आकडा, झोपेल असा नव्हे. आम्ही आत पातळ कापडी अस्तर घातलं, ते ताईंनी घरच्या जुन्या चादरीचं शिवून आणलं होतं.

जुडा का तालाब गोठलेला होता. शिखराच्या दिवशी रात्री अडीचला उठून निघालो, आणि उजाडता उजाडता तिघंही वर पोचलो. फोनची बॅटरी थंडीने भराभर उतरते हे ऐकून होते, म्हणून रात्री फोन झोपायच्या पिशवीत मोज्यात घालून ठेवला होता. भाच्याने ठेवला नव्हता. वरचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत आणि तो प्रत्येकात आहे.

सांकरीला उतरल्यावर जॅकेटं, गेटर, साखळ्या परत दिल्या, अनामत मोजून घेतली. विमानात चढलो तेव्हा सामान जाताना होतं त्याहून हलकं होतं.

घरी आल्यावर मात्र लगेच कामाला लागले. बूट आतून-बाहेरून धुऊन सावलीत वाळवले, उन्हात नाही, उन्हाने डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे, दर दिवशी बदललेले. सॅक गॅलरीत दोन दिवस उलटी टांगली. थर्मल आणि मोजे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. बूट मात्र डब्यात ठेवायचे नाहीत असं ठरवलं, ते वापरात राहिले तरच टिकतील. सिद्धनाथाला जाणं त्यामुळे चालूच आहे.

वाड्यावरच्या आणखी दोन घरांतून आता विचारणा होते. फ्रिजच्या दारावर एक कागद लावला आहे, कुठली वस्तू कुणाकडे गेली आणि कधी परत यायची. सॅक ताईंच्या मैत्रिणीकडे, हेडटॉर्च परत कुर्ल्यांवर. चालायच्या काठ्या शेजारच्या काकांनी गुडघ्यांसाठी म्हणून नेल्या, त्यांच्यापुढे परत करायची तारीख लिहिलेली नाही. काका रोज संध्याकाळी त्या घेऊन देवळापर्यंत जातात आणि भेटेल त्याला सांगतात की या हिमालयातल्या आहेत.